तासभराचं पाणी

— केस वाळवत बसले होते मी. हो, तेव्हाच, बातमी आली तेव्हा. तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर हे कुणी विचारत नाही; सगळे विचारतात तुझे बाबा शेवटी काय बोलले, त्रास झाला का. शुक्रवार होता, एप्रिलमधला, सकाळचे अकरा असतील. संचारबंदीत शुक्रवारी तर पावासाठीसुद्धा बाहेर पडायची मुभा नव्हती, समोर डोंगर उतरणाऱ्या रस्त्याच्या जिन्यावर चिटपाखरू नाही, म्हणून मी खुर्ची उचलून सरळ दारात आणली — ऊन तिथेच येतं — आणि मान पुढे टाकून, केस मोकळे सोडून बसले. इतकं शांत होतं की केसांतलं पाणी फरशीवर टपकतंय ते ऐकू येत होतं. आणि वरून उम्म राकानची हाक. ती समोरच राहते, तुझ्या बाबांच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर. त्यांना सगळा मोहल्ला उस्ताझ, गुरुजीच म्हणायचा. "नजला, अगं नजला, उस्ताझ फहमी —" एवढंच. डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडात धरून उभी राहिली कठड्याशी. मला कळलं. केस टपकतच होते. — बस ना, उभी का? ती खुर्ची नको, ती डुगडुगते. ही घे.

आणि मैसून, तो फोटो खिडकीतून काढू नकोस. नाही गं, रागावत नाही मी, हात लावू नकोस एवढंच म्हणते. बाकीचे तीस बांधून ठेवलेत तुझ्यासाठी, ते बघ, कोपऱ्यात, मध्ये पातळ कागद घातलाय, पुठ्ठा दोन्ही बाजूंनी, विमानात काही होणार नाही त्यांना. तीस फोटो म्हणजे थोडे नाहीत. एकतिसावा राहू दे इथे. — का म्हणजे? त्या चौकटीचे स्क्रू गंजलेत, एक. काढायला गेलं तर काच फुटेल. आणि दुसरं, तो आता एकट्या तुझ्या बाबांचा नाही राहिला, आमच्या गुरुवारच्या मंडळींचा झालाय. खिडकी रिकामी दिसली तर मलाच फाडून खातील. — ते? ते पिवळं? उन्हानं. दुपारचं ऊन सरळ खिडकीवर येतं ना, म्हणून कोपरा पिवळा पडलाय. फोटो उन्हात ठेवला की पडतोच.

कॉफी ठेवते. वेलदोडा चालतो ना तुला? बाबांना चालायचा नाही तुझ्या. म्हणायचे, कॉफीत वेलदोडा घालणं म्हणजे काळ्यापांढऱ्या फोटोला रंग फासणं. दर गुरुवारी तेच वाक्य, आणि दर गुरुवारी दोन कप. नवरा गेल्यावर, इलियास गेल्यावर, मला वाटलेलं फोटोंची गॅलरी बंदच करावी — त्याचीच होती ही, मी आपली चौकटी पुसायची नि लोकांना चहा द्यायची — तर तुझे बाबा आले त्याच्या चाळिसाव्याच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी, भिंतीकडे बघत उभे राहिले नि नेहमीच्या अदबीनं म्हणाले, "सित्त नजला, तिसरा फोटो कललाय." बरं वाटलं मला. घरात कुणीतरी चूक काढणारं हवं ना. सगळे आपले गोड बोलत होते नुसते.

गुरुवारची मंडळी म्हणजे — तुला कोणाकोणाची नावं सांगू — एक दंतवैद्य, एक भूगोलाची मास्तरीण, खालच्या रस्त्यावरचा फलाफलवाला अबू इसाम, विमानांची दुरुस्ती करून निवृत्त झालेला एक, असे पंधरावीस जण. प्रत्येकानं एक फोटो आणायचा, मध्ये ठेवायचा, आणि मग बाकीच्यांनी फक्त त्यात काय आहे ते सांगायचं. काय वाटतं ते नाही — काय आहे. भिंत आहे, भिंतीला तीन खिळे आहेत, एकावर टोपी आहे. आणि ज्यानं काढलाय त्यानं तोवर तोंड मिटून बसायचं. सगळ्यांचं झालं की शेवटी तो बोलणार, आणि तो बोलला की बैठक उठणार. तोवर कुणी उठायचं नाही. हा नियम इलियासचा, पण पाळायला लावणारे तुझे बाबा. अबू इसाम एकदा म्हणाला, "या फोटोत फार एकटेपणा आहे हो." तर हे म्हणाले, "कुठे आहे? बोट ठेवून दाखव." बिचारा महिनाभर आला नाही. स्वतः मात्र एक फोटो दाखवला नाही कधी. नऊ वर्षं. आम्ही म्हणायचो, उस्ताझ, तुम्ही काढता तरी का? तर म्हणायचे, काढून झालेत.

तर मी इथे राहत नाही, मैसून, माझं घर पलीकडच्या डोंगरावर, जबल हुसैनला. मार्चात त्या शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, उद्या सकाळी सातपासून कुणी बाहेर पडायचं नाही. आणि मी शहाणी, म्हटलं सातच्या आत जाऊ की, हातातलं संपवू. नवीन फोटो लावत होते, बावीस चौकटी. थकले, त्या कोचावर जरा टेकले, आणि जाग आली ती भोंग्यानं. तू नव्हतीस इथे, तुला नाही कळायचं तो भोंगा कसा होता. सगळ्या डोंगरांवरून एकदम. मी दार उघडलं नि मिटलं. गाड्या बंद, टॅक्स्या बंद, पायी निघालेल्यांना धरून नेत होते. ही एवढी खोली, मागे पडदा लावून केलेली डार्करूम, एक संडास, एक बेसिन. न्हाणीघर नाही. चाळीस दिवस. कपड्यांचे दोन जोड, तेही उम्म राकाननं टोपलीतून सोडलेले, आणि ती माझ्या दुप्पट. हसू नकोस. — हास, हास. मी पण हसायचे. आरशासमोर उभी राहून हसायचे आणि मग हसू थांबायचंच नाही. मग मीच घाबरून बेसिनचा नळ सोडायचे, आणि लगेच बंद करायचे, कारण टाकी तर एवढीशी, आणि पाणी मंगळवारचं मंगळवारी.

पुढे दहा ते सहा पायी फिरायची परवानगी दिली, आपल्या मोहल्ल्यापुरती, साठीच्या आतल्यांना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मंडळी सुटत चाललीय. फोनवरच्या गटात आधी फोटो टाकायचे, मग फुलं नि सुप्रभात, मग काढे, मग कुणाचा कोण आजारी, आणि मग आठवडाभर काहीच नाही. मास्तरणीला फोन केला तर म्हणाली, नजला, कॅमेऱ्यावर धूळ बसलीय आणि मला ती पुसाविशी वाटत नाही.  इलियास गेला तेव्हा नाही बंद पडली गॅलरी, आणि आता अशी, कुणी न ठरवता? म्हणून मी काय केलं — आतल्या भिंतीवरचा एक फोटो काढला आणि खिडकीत लावला, तोंड बाहेर करून. रोज संध्याकाळी पाचला नवा. पावाला जाता-येता बघतील तर बघतील. आणि बघायला लागले गं. हातात पिशवी हवी, पोलिसानं विचारलं तर सामान आणायला चाललोय म्हणायला. दंतवैद्य रोज एक कांदा घ्यायचा, एकच. जिन्यावर चार पायऱ्या सोडून एकेक जण उभा राहायचा, भिंत आहे, खिळे आहेत, टोपी आहे, आणि मी आतून काचेला कान लावून.

तुझे बाबा चौऱ्याहत्तरचे. त्यांना खाली उतरायची बंदी. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी फोन आला. "सित्त नजला, खिडकीतला फोटो डावीकडे अर्धा अंश खाली आहे." म्हटलं, उस्ताझ, तिसऱ्या मजल्यावरून अर्धा अंश? तर म्हणे, दुर्बीण लावलीय. जमीनमोजणी खात्यातली ती जुनी, तिपाईवरची. त्यांच्या बाल्कनीच्या कठड्यापाशी उभी करून डोळा लावून बसलेले. म्हटलं, पण तिच्यातून उलटं दिसतं ना सगळं? म्हणाले, "चाळीस वर्षं जग उलटंच बघितलंय, बाई. तुमचं सुलट मला कलतं वाटतं." — अगं हो, तस्संच. तोच आवाज. तू अगदी त्यांच्यासारखी भुवई उचलतेस.

आणि मग एक दिवस टोपली खाली आली. टोपलीत तर पाव, लिंबं असं आपण सोडतो. हिच्यात एक जाडा पिवळा लिफाफा, आत निगेटिव्हची पट्टी, आणि चिठ्ठी — चौथा छापा, बाकीचे बघू नका, आजच्या आज परत पाठवा. नऊ वर्षं ज्या माणसानं काही दाखवलं नाही त्यानं. का ते मला विचारू नकोस. मला वाटतं, समोर कुणी नव्हतं ना. वरून टोपली सोडायची, दुर्बिणीतून बघायचं. कुणाच्या तोंडाला तोंड द्यायला नको. रोज एक, बहुतेकदा दोन लिफाफे यायचे. मी छापायचे, पट्टी परत वर जायची, पाचला खिडकीत. वाळवंटातले तंबू, सीमेचे दगड, माणसं किटलीभोवती, एक गाढव मोजणीची साखळी पाठीवर घेऊन. असे फोटो, मैसून. लोक कांद्याचं विसरले. अबू इसाम म्हणाला, "हा माणूस नऊ वर्षं आमच्या फोटोंना नावं ठेवत होता ते उगाच नाही." उद्या काय येणार म्हणून मास्तरीण मला सकाळीच फोन करायची. तिनं कॅमेरा पुसला परत. गॅलरी तगली ती त्या तीस फोटोंवर, माझ्यामुळे नाही. — पट्ट्या? पट्ट्या वरच राहिल्या ना. ते गेल्यावर घरमालकानं दोन दिवसांत घर रिकामं केलं, रोगाची भीती सगळ्यांना. त्यांना तो रोग नव्हता, पण कोण ऐकतं. खोकीच्या खोकी कचऱ्याच्या गाडीत. मला कळलं तेव्हा गाडी गेली होती. म्हणून म्हणते, जे आहे ते एवढंच. हे तीस, आणि तो.

तो. हो. तू ओळखलंसच दारातून, मी बघितलं. आठ-नऊ वर्षांची असशील तेव्हा? गच्ची, पाण्याच्या दोन टाक्या, दोरीवर ओली चादर, आणि मध्ये तू ती लालपांढरी मोजणीची काठी धरून, तुझ्या दुप्पट उंचीची, चेहरा असा केलेला की आत्ता रडशील नाहीतर मारशील. त्या दिवशी फोनवर त्यांनी हुकूमच सोडले. काठी अगदी मधोमध. डावीकडची भिंत झुकलेली दिसू दे, सरळ करायला जाऊ नका. म्हटलं, सगळा फोटो कलता दिसेल. म्हणाले, "घर कललंय. काठी नाही. बघा नीट. खात्यात बारा मोजणीदार होते माझ्या हाताखाली, एकाला काठी सरळ धरता येत नव्हती. तिला येत होती. अर्धा तास धरली, हात थरथरत होते, पण काठी नाही." — थांब, घे हे, रुमाल स्वच्छ आहे. तुमच्यात काय झालं मला माहीत नाही आणि मला सांगूही नकोस. आईच्या आजारात काहीतरी, एवढंच ऐकलंय, आणि अकरा वर्षं बोलणं नाही. त्यांनी कधी तुझं नाव घेतलं नाही. लोक विचारायचे, उस्ताझ, तुम्हाला अबू, म्हणजे कुणाचे बाबा म्हणायचं, मुलगा नसला तर मुलीच्या नावानं म्हणतो की आम्ही. तर म्हणायचे, फहमीच बरं. आणि त्या गुरुवारी मी विचारलं, खाली पाटीवर नाव फहमीच लिहू ना रोजच्यासारखं?  मग म्हणाले, "अबू मैसून लिहा." ती बघ पाटी. माझंच अक्षर, शिसपेन्सिलीचं. पाटी ने हवी तर. पाटी काढून देते.

फोटो नाही देता येणार गं. मी सांगितलं ना. स्क्रू — बरं, स्क्रूचं जाऊ दे, स्क्रू निघतात. तुला समजून घ्यायला हवं, तो साध्या कागदावर नाही. बाकीचे तीस साध्या, प्लास्टिकच्या थराच्या कागदावर आहेत. त्यांना चार मिनिटं पाण्यात हलवलं की झालं, दोन परातींत भागतं. पण याच्यासाठी ते म्हणाले, "इलियासचा जाड कागद आहे ना तुमच्याकडे? त्यावर." आता त्यांना काय माहीत — माहीत होतं, त्यांना सगळं माहीत असायचं — की त्या खोक्यात तीनच कागद उरले होते. इलियासनं उघडलेला खोका, त्याच्या हातानं परत दुमडलेला काळा कागद आत. मी तो दोन वर्षं उघडला नव्हता. कशासाठी ठेवला होता ते मलाच माहीत नाही. उघडला. म्हटलं, ठीक आहे, द्यावा. आणि तो कागद म्हणजे कापसासारखा, औषध पिऊन बसतो पोटात. तासभर धुवायला लागतो, दर पाच मिनिटांनी पाणी बदलून. नाहीतर वर्षाच्या आत आतलं औषध वर येतं आणि —

कॉफी उतू गेली. जाऊ दे. परत ठेवते.

आणि त्याच मंगळवारी पाणी आलं नाही. कुठे काय फुटलं होतं देव जाणे, पुढच्या मंगळवारी येईल म्हणाले. माझ्या टाकीत तळाला हातभर. मी उस्ताझना सांगितलं, पुढच्या आठवड्यात करू हा. ऐकेनात. "हाच गुरुवार." का हाच, तर म्हणे, "काढला होता त्या तारखेला." आणि बुधवारी सकाळी टोपली खाली आली, तिच्यात पाच लिटरचा डबा, पाण्याचा. परत वर गेली, परत आली. चार वेळा. दोर कठड्याला घासून करकरत होता, आणि ते वरून वाकून, पायजम्यावर स्वेटर घातलेला, एकेक हात मागे घेत. मी ओरडले, उस्ताझ, तुम्हाला राहील का? तर म्हणाले, "एकटा माणूस किती पाणी पितो? माझी टाकी भरलेली आहे. तुम्ही तासाचा हिशोब चुकवू नका." वीस लिटर. मी डबे उचलून आत आणले तेव्हा माझा खांदा भरून आला, आणि ते चौऱ्याहत्तरचे, तिसऱ्या मजल्यावर.

बुधवारी छापला. चांगला आला, तू बघतेसच, काळा काळा आहे, पांढरा पांढरा. रात्रभर चादरीत दाबून वाळवला, गुरुवारी पाचला लावला. जिन्यावर त्या दिवशी अकरा जण होते. आणि लगेच फोन. "धुतला?" — धुतला. "तासभर?" — तासभर, उस्ताझ.  दुर्बिणीला डोळा लावलेला असणार. म्हणाले, "आज काठी कुठून बघितली तरी सरळ आहे." आणि ठेवला. तेच शेवटचं. शेवटचं काय बोलले विचारतात ना सगळे, ते हे.

शुक्रवारी सकाळी बादली घेऊन गच्चीवर टाकीपाशी गेलेले, परत येताना इमारतीच्या वरच्या जिन्यात. उम्म राकानच्या नवऱ्याला सापडले. बादली रिकामी, टाकीचं झाकण उघडं. मी म्हटलं ना तुला, मी केस वाळवत बसले होते आणि —

काय? केस कशानं धुतले म्हणजे?

पाणी नव्हतं, हो. मीच म्हणाले, मंगळवारी आलं नाही.

तू त्यांचीच आहेस. बोट ठेवून दाखव म्हणणारी.

बरं. ऐक मग. बुधवारी मी तो फोटो औषधातून काढला, परातीत घातला, पहिला डबा ओतला. पाच मिनिटं हलवला. पाणी टाकलं. दुसऱ्या डब्यातलं थोडं ओतलं. हलवला. आणि माझे हात त्या पाण्यात होते, मैसून, स्वच्छ, गार पाणी, आणि मला एकवीस, बावीस — पंचवीस दिवस झाले होते डोक्यावरून पाणी घेऊन. डोक्याला वास येत होता माझ्या. औषधाचा नि माझा. मी रोज रुमाल बांधायचे, झोपतानाही, मला माझाच वास येऊ नये म्हणून. मी बघत राहिले त्या डब्यांकडे. म्हटलं, उद्या धुते उरलेलं तासभर, आज वाळू दे. उद्या म्हणजे गुरुवार. पाच वाजले, लावायचा होता, लावला. ते बघत होते, लावायलाच हवा होता. म्हटलं, शनिवारी काढून धुते, पाणी आहेच. आणि शुक्रवारी सकाळी जिना रिकामा, ऊन असं, आणि दोन डबे भरलेले कोपऱ्यात, आणि मी एक उचलला. एकच म्हणून उचलला. साबण लावला, मग धुवायला दुसरा लागला. इतकं बरं वाटलं गं मला. गाणं म्हणत होते मी. अगदी वर, तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतकं. त्यांनी ऐकलं असेल. त्यांना वाटलं असेल, फोटो चांगला झाला म्हणून बाई गातेय. आणि ते बादली घेऊन निघाले, टाकीच्या तळाला काही उरलंय का बघायला, कारण नळाला काही येत नव्हतं. भरलेली टाकी! त्या बुधवारीच तळाशी गेली होती. उम्म राकाननं नंतर बघितलं, ओल होती नुसती. स्वतःचं सगळं त्यांनी दोरानं खाली सोडलं, तासभराच्या हिशोबानं, आणि ते माझ्या केसांतून टपकत होतं फरशीवर, ती हाक मारत होती तेव्हा.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दंतवैद्याला नाही, पाद्रीबाबांना नाही. मातीला चारच माणसांना जाऊ दिलं, मंडळींतलं कुणी नाही. शनिवारी सगळे जिन्यावर आले. चार चार पायऱ्या सोडून. आणि सुरुवात केली, अबू इसामनंच केली — मुलगी आहे. मास्तरीण म्हणाली, काठी आहे. टाक्या आहेत दोन. चादर आहे, ओली. मुलीचे बूट उलट्या पायांत आहेत, ते दंतवैद्याला दिसलं, मला छापताना दिसलं नव्हतं. सगळ्यांचं बोलून झालं. मग फोटो काढणाऱ्यानं बोलायचं. तो बोलला की बैठक उठते. कुणाला उठायचं कसं ते कळेना. उभे राहिले सगळे तसेच, वर कठड्यापाशी दुर्बीण अजून तिपाईवर, खिडकीकडे तोंड करून. सहाचा भोंगा झाला तेव्हा पांगले. ती बैठक उठलेली नाही अजून. आता गुरुवारी परत येतात सगळे, खुर्च्या लांब लांब ठेवतो, नवे फोटो, भांडणं, सगळं. पण जाताना प्रत्येक जण खिडकीकडे बघून जातो. म्हणून म्हटलं, त्यांचा झालाय तो. ते खोटं नव्हतं.

आणि ते पिवळं ऊन नाही. जूनमध्ये आलं, नखाएवढं. आता बोटभर आहे. तुझ्या बुटांपर्यंत पोचलंय. वर चढत जाईल. अजून धुतला तर डाग जाणार नाही, पण पुढचं थांबेल. मला येतं ते. तासभराचं काम. दर मंगळवारी माझी टाकी भरते, इथे या भिंतीतून आवाज येतो, नळात आधी हवा फुरफुरते आणि मग — मी स्क्रूड्रायव्हर हातात घेते. एकदा तीन स्क्रू काढले होते. मग ते मूल माझ्याकडे असं बघतं, आणि मला तुझे बाबा दिसतात, एकेक हात दोर मागे घेताना. पाण्यात तो चेहरा ठेवणं मला जमत नाही. जबल हुसैनला घरी गेले, शॉवर आहे तिथे, पाणी आहे. केस मी कापून टाकले. तुला वाटलं असेल, वयाप्रमाणे कापले.

ऐकलंस? हवा. आता पाणी येईल. आज मंगळवारच की.

नाही, बाही कशाला मागे सारतेयस? नको. मैसून, नको, खाली कर ती बाही. दोघींनी मिळून वगैरे नको. तुझा राग असेल तर राग कर, तो मला झेपेल. हे नाही झेपायचं. आज नको. झरक्याला जायची शेवटची बस सहाच्या आत निघते आणि तिथे तुझी मावशी वाट बघत असेल. ते तीस घे, दोन्ही हातांनी धर, पुठ्ठा वाकवू नकोस. कॉफी राहिलीच तुझी. दार जाताना ओढून घे, हवेनं आपटतं. मला गच्चीवर जायचंय, टाकी भरली की नळ हातानं बंद करावा लागतो.

आजचा धरून सव्वीस मंगळवार झाले. तो फोटो मी अजून धुतलेला नाही.